बाहेरून आलेल्यांनी उभं केलेलं वर्ष

पुण्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. स्वारगेटला आणि वाकडेवाडीला नांदेड, लातूर, जळगाव, सोलापूरहून एसट्या येतात. त्यांतून बॅगा, वळकट्या, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे आणि थोडी बावरलेली, थोडी हरखलेली मुलं उतरतात. सोबतच्या आईवडिलांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. फी किती? कॉटबेसिसवर जागा मिळेल का? मेसचे महिन्याचे किती? अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते? प्रश्न रास्तच आहेत. पण आणखी एक प्रश्न त्यांनी विचारावा असं मला फार वाटतं, आणि तो सहसा कुणी विचारत नाही: या शहरात वर्षभर जे जे होतं, त्यातलं आमच्या लेकराच्या वाट्याला काय येईल?

मी स्वतः अंबाजोगाईहून पुण्यात शिकायला आले. इथल्याच एका महाविद्यालयात मराठी शिकवलं, तिथलं कलामंडळ सांभाळलं आणि तिथूनच निवृत्त झाले. दर जूनमध्ये नव्या मुलांच्या हातात मी एक कागद द्यायचे. कोणत्या महिन्यात कुठे जायचं, तिकीट लागतं की नाही, कुणाला विचारायचं, एवढंच त्यावर असायचं. तोच कागद इथे जरा विस्ताराने मांडते आहे. याचं कारण म्हणजे बाहेरगावच्या मुलांच्या मनात घट्ट बसलेला एक समज. सवाईचा संगीत उत्सव, एकांकिकांचे करंडक, व्याख्यानमाला ही पेठांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची मिरास आहे, आपण ती लांबून पाहायची, असं त्यांना वाटतं. हा समज इतिहासाला धरून नाही. पुण्याचं हे सांस्कृतिक वर्ष ज्यांनी उभं केलं, त्यांतले कितीतरी जण स्वतःच बाहेरगावाहून इथे आले होते.

ज्या विद्यापीठासाठी ही मुलं येतात, ते तसं उशिराचं. डेक्कन कॉलेजचं मूळ 1821 मधलं, फर्ग्युसन 1885 मधलं. पुणे विद्यापीठ स्थापन झालं 10 फेब्रुवारी 1949 रोजी, गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानाच्या आवारात, आणि पहिले कुलगुरू होते बॅ. मुकुंदराव जयकर. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. तिथे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. सकाळी बागेत किंवा कार्यालयात काम करून दुपारी वर्गात बसणारी मुलं मी पाहिली आहेत. या मुलांकडे पैसा नसतो आणि वेळही मोजका असतो. म्हणून या लेखात मी फुकट किंवा कमी खर्चात मिळणाऱ्या गोष्टींवरच भर दिला आहे.

ज्येष्ठ वद्य: पालख्यांचा मुक्काम

कॉलेज सुरू होतं न होतं तोच पालख्या येतात. देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची, दोन्ही पालख्या ज्येष्ठ वद्यात एकाच दिवशी पुण्यात पोचतात. हे दिवस बहुधा जूनच्या उत्तरार्धात येतात, अधिक महिना आला तर जुलैत. फर्ग्युसन रस्त्यावर दोन्ही संतांची पादुका मंदिरं आहेत. तिथे थांबून पालख्या पुढे पेठांत जातात. तुकोबांचा मुक्काम नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींचा भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. मग माउली दिवे घाटाने सासवडला निघतात आणि तुकोबा लोणी काळभोरच्या वाटेला लागतात.

मुक्कामाच्या दिवसांत शहराची घडी बदलते. दिंड्या शाळांमध्ये उतरतात, मंडळांच्या मांडवात पंगती बसतात, रस्त्याच्या कडेला कुणी वारकऱ्यांच्या चपला शिवून देतं, कुणी दाढी करून देतं, कुणी पाय चेपून देतं. वैद्यकीय महाविद्यालयांची मुलं औषधं वाटतात, पायांना आलेले फोड साफ करून पट्ट्या बांधतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक स्वच्छतेसाठी पुण्यात राबतात आणि पुढे वाटेवरही जातात. नव्या मुलांना मी याच दिवसांत नाना पेठेत पाठवायचे. परभणीकडचा एक मुलगा पाणी वाटायला गेला आणि दिंडीत त्याला त्याच्या गावची माणसं भेटली. तोवर शहराला बिचकून असलेला तो पोरगा त्या संध्याकाळी त्यांना हाताला धरून पुण्याचे रस्ते दाखवत होता. शहर आपलं वाटायला कधीकधी एवढंच पुरतं.

इथे तिकीट नाही, ओळख लागत नाही, पोशाखाची अट नाही. ज्याला पुण्यात पहिलं पाऊल टाकायचं आहे त्याने इथून टाकावं.

श्रावण-भाद्रपद: तालीम आणि ढोल

पावसाळा म्हणजे तालमींचा काळ. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये आणि अंतिम फेरी त्यानंतर काही आठवड्यांनी, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात. प्रेक्षागृहात प्रत्येक कॉलेजचा जथा असतो आणि ‘आवाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी छत हलतं. पडदा वर गेला की मात्र तीच पोरंपोरी टाचणी पडली तरी ऐकू येईल इतक्या शांततेत दुसऱ्या कॉलेजचं नाटक पाहतात.

या स्पर्धेची खरी शाळा तालमीच्या खोलीत असते. कॉलेज सुटल्यावर एखाद्या रिकाम्या वर्गात बाकं भिंतीला सरकवायची आणि रात्री रखवालदार येऊन दिवे घालवेपर्यंत एकच प्रवेश पुन्हा पुन्हा करायचा. संहिता फाडून पुन्हा लिहायची. रंगमंचावर पाऊल न ठेवणारी मुलं दिवे, कपडे, सामान सांभाळतात आणि पहिलं बक्षीस आल्यावर सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडतात. माझ्या गटात यवतमाळची एक मुलगी होती. तिच्या बोलीला वर्गात कुणी हसलं की ती गप्प व्हायची. एकांकिकेतल्या आजीची भूमिका तिने तिच्याच बोलीत केली, आणि नंतर तिला वर्गात कधी कुणी हसलं नाही.

पुरुषोत्तमचे परीक्षक कडक असतात. 2022 मध्ये एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं ठरवून त्यांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर मोठा वाद झाला. माझं मत विचाराल तर तो निर्णय मुलांचा मान राखणारा होता. वीस वर्षांच्या मुलाच्या कामाला मोठ्या माणसाच्या कामाचे निकष लावणं म्हणजे त्याला गांभीर्याने घेणं. पुढच्या वर्षी मुलं पुन्हा त्याच मंचावर उभी राहिली.

त्याच काळात नदीपात्रालगत संध्याकाळी ढोलांचा आवाज सुरू होतो. पुण्याची ढोल-ताशा पथकं ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबाग यांसारख्या शाळांच्या आवारातून वाढली. आज त्यांत कॉलेजची मुलं-मुली आणि नोकरदार तरुण मोठ्या संख्येने असतात. ढोल आवळणं, कंबरेला बांधून तासन्‌तास उभं राहणं, ताशाच्या इशाऱ्यावर शंभर हातांनी एकच ठोका देणं, ध्वज नाचवणं, हे सगळं आठवडेच्या आठवडे घोटून घेतलं जातं. वादक पैसे घेत नाहीत. मिळालेल्या बिदागीतून अनेक पथकं सामाजिक कामं करतात. बाहेरगावच्या मुलाला इथे सरावाच्या पहिल्या दिवशी शिरता येतं, आणि पहिल्या पंधरवड्यात त्याला पन्नास ओळखी होतात.

गणेशोत्सवाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी मोजकंच सांगते. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती. त्यांतल्या गुरुजी तालमीच्या गणपतीची सुरुवात हिंदू आणि मुसलमान मित्रांनी मिळून 1887 मध्ये केली, असं सांगितलं जातं. उत्सवाला सार्वजनिक चळवळीचं बळ दिलं ते लोकमान्यांनी. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. वडिलांची बदली झाली म्हणून दहा वर्षांचे असताना ते पुण्यात आले. मेळे, पोवाडे, व्याख्यानं हे त्या उत्सवाचं मूळचं अंग होतं. आजही जिवंत देखावे सादर करणारी मंडळं ते अंग जपून आहेत, आणि त्या देखाव्यांतले नट म्हणजे वस्तीतली आणि कॉलेजातली मुलंच. ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो महिला एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. अनंत चतुर्दशीला मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघणारी मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने 24 तासांहून अधिक चालते. मानाचे गणपती सकाळी पाहावेत. स्पीकरच्या भिंती लावलेल्या रात्रीच्या मिरवणुकीपासून मुलांनी दूर राहावं, असं मी स्पष्ट सांगायचे. त्या आवाजाने कान जातात, पेठांतली म्हातारी माणसं आजारी पडतात आणि संगीताचं तर काहीच होत नाही.

दिवाळी: मागे राहिलेल्यांची

दिवाळीत वसतिगृहं रिकामी होतात. मराठी मुलं गावाला जातात. मणिपूर, नागालँड, लडाख, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून आलेली मुलं इथेच राहतात. मेस बंद, चहाच्या टपऱ्या बंद. याच एकटेपणातून पुण्यात एक मोठी संस्था जन्माला आली. डॉ. शां. ब. मुजुमदार हे मूळचे गडहिंग्लजचे. फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर असताना त्यांना एक दृश्य दिसलं. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून डबा देत होती. परदेशी मुलांची या शहरात काळजी कोण घेतं, हा प्रश्न त्यांना छळू लागला आणि 1971 मध्ये सिंबायोसिसची स्थापना झाली.

संस्था मोठ्या झाल्या, तरी डबा देणारं माणूस लागतंच. दिवाळीच्या पहाटे शहरात ठिकठिकाणी गाण्याच्या मैफिली होतात, त्यांतल्या कितीतरी विनामूल्य असतात. सारसबागेत तरुणांची गर्दी उसळते. ज्यांच्या घरी फराळ आहे त्यांनी या सकाळी एखाद्या परक्या मुलाला बरोबर न्यावं आणि नंतर घरी जेवू घालावं. आमच्या घरी या प्रथेतून जुळलेली नाती आजही टिकून आहेत.

मार्गशीर्ष: सवाई आणि पुस्तकं

डिसेंबर हा पुण्याचा सगळ्यांत भरलेला महिना. पहिल्या रविवारी पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन असते, ती 1983 पासून चालू आहे. पण महिन्यावर सावली असते ती सवाईची.

सवाई गंधर्व म्हणजे पंडित रामभाऊ कुंदगोळकर, धारवाडजवळच्या कुंदगोळचे. 1952 मध्ये ते गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. गाण्याच्या ओढीने लहान वयात घर सोडून गुरू शोधत हिंडलेला हा मुलगा अखेर कुंदगोळला गुरूच्या घरी राहिला आणि पुढे पुण्यात स्थिरावला. 1953 मध्ये त्यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. 2011 मध्ये भीमसेनजी गेल्यानंतर त्यांचं नावही उत्सवाला जोडलं गेलं. म्हणजे ज्या उत्सवावरून पुण्याची ओळख सांगितली जाते तो कानडी मुलखातून आलेल्या शिष्याने कानडी मुलखातल्या गुरूसाठी उभा केलेला आहे.

रमणबाग शाळेच्या मैदानावर तो कितीतरी वर्षं झाला. आता तो मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. पूर्वी गाणं पहाटेपर्यंत चालायचं. ध्वनिवर्धकाचे नियम आल्यावर मैफिली दुपारी सुरू होऊ लागल्या. विद्यार्थ्यांसाठी तीन गोष्टी सांगते. पहिली: सगळ्यांत कमी दराचं तिकीट भारतीय बैठकीचं असतं. तिथे सतरंजीवर बसायचं, शाल आणि पाण्याची बाटली जवळ ठेवायची. आजूबाजूला गाण्याचे विद्यार्थी आणि जुने कानसेन असतात. राग कळला नाही तर मध्यंतरात विचारावं, लोक आनंदाने सांगतात. दुसरी: उत्सवाच्या दिवसांतच सकाळी सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्‌ज’ आणि ‘अंतरंग’ हे उपक्रम होतात. एकात कलावंतांवरचे लघुपट, दुसऱ्यात त्यांच्याशी गप्पा, आणि दोन्हींना प्रवेश मोकळा. ज्याला मैफिलीचं तिकीट परवडत नाही त्याने सकाळ तरी चुकवू नये. तिसरी: पहिल्या वर्षी काही कळत नाही. त्याने खचू नये. बडा ख्याल हळूहळू उलगडतो, आणि दोन-तीन वर्षं सलग ऐकलं की कान आपोआप तयार होतो. शेतावर राबणाऱ्या घरातल्या, संगीताचा गंध नसलेल्या मुलांना मी तिसऱ्या वर्षी मारवा रागावर वाद घालताना ऐकलं आहे.

2023 पासून याच महिन्यात फर्ग्युसनच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव भरतो. प्रवेश विनामूल्य. तिथे गर्दी पाहून ‘तरुण वाचत नाहीत’ हे वाक्य माझ्या तोंडून आता निघत नाही. स्पर्धा परीक्षांची गाइडं घ्यायला आलेला मुलगा हातात कवितेचं एक पातळ पुस्तक घेऊन बाहेर पडतो. त्याच्या बजेटात तेवढंच बसतं, आणि तेवढं पुरे असतं.

जानेवारी-फेब्रुवारी: सावित्रीबाई, सिनेमा, दुर्बिणी

3 जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती. 1848 मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. 2023 च्या डिसेंबरात तो मोडकळीला आलेला वाडा स्मारक उभारण्यासाठी उतरवला गेला. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. लग्न होऊन पुण्यात आलेल्या, इथेच लिहायला-वाचायला शिकलेल्या आणि 1897 मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना इथेच गेलेल्या. 2014 पासून विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. या दिवशी गंज पेठेतल्या फुले वाड्यात जावं. शाळकरी मुलींच्या रांगा, खेड्यापाड्यांतून आलेल्या शिक्षिका, अंगणातली भाषणं. पदवीच्या वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलीची वाट या अंगणातून आली आहे, हे तिथे उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही.

जानेवारीतच पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, लोक त्याला ‘पिफ’ म्हणतात. 2002 मध्ये तो सुरू झाला आणि त्याची धुरा डॉ. जब्बार पटेलांनी वाहिली. त्यांचा जन्म पंढरपूरचा, शिक्षण सोलापूरला आणि मग पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात. पुण्यात सिनेमा रुजला तोही बाहेरून येऊन. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात स्थापन झाली आणि 1933 मध्ये पुण्यात आली. तिच्याच जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही 1964 पासून याच शहरात आहे. पिफची नोंदणी विद्यार्थ्यांना सवलतीत मिळते. एका आठवड्यात इराण, पोलंड, अर्जेंटिनाचे सिनेमे पाहून आलेली मुलं आपल्या गावाकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागतात. आपल्या गल्लीतली गोष्टसुद्धा जगाला सांगण्याजोगी आहे, हे त्यांना कळतं.

फिरोदिया करंडकाचा मोसमही याच सुमाराचा. पुरुषोत्तममध्ये एकांकिका असते, इथे एकाच सादरीकरणात नाटक, गाणं, नाच, चित्र, शिल्प असं सगळं गुंफायचं असतं. अभियांत्रिकीच्या मुलांचा इथे विशेष उत्साह. ज्याला अभिनय जमत नाही पण तबला येतो, रांगोळी येते, मातीचं मडकं वळता येतं, त्याला या स्पर्धेत जागा मिळते. गावाकडून आलेल्या मुलांच्या हातात अशा कला खूप असतात. वर्गात त्यांना कुणी विचारत नाही.

28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था त्या दिवशी सर्वांसाठी दारं उघडते. कोल्हापुरात जन्मलेल्या, बनारसमध्ये वाढलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये ती उभी केली. तिथल्या मुलांच्या विज्ञान केंद्राला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची मदत झालेली आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या शेतांच्या मधोमध पसरलेल्या. विज्ञान दिनाला तिथे जत्रा भरते: शाळांची प्रदर्शनं, शास्त्रज्ञांशी गप्पा, बैलगाडीतून आलेले आजोबा आणि प्रश्न विचारणारी नातवंडं. कला शाखेच्या मुलांनाही मी तिकडे जायला सांगायचे. ज्ञान हे सर्वांचं असतं हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि खोडदच्या रानात दिसणं वेगळं.

एप्रिल-मे: अभ्यास आणि व्याख्यान

11 एप्रिल जोतीरावांची जयंती, 14 एप्रिल बाबासाहेबांची. मिरवणुका निघतात, पुणे स्टेशनजवळच्या पुतळ्यापाशी रात्रीपासून लोक जमतात, वस्त्यांमध्ये भीमगीतं रंगतात. विद्यार्थ्यांमध्ये या दिवसांत एक वेगळी रीत रुजली आहे: सलग 18 तास अभ्यास करून बाबासाहेबांना अभिवादन करण्याची. विद्यापीठात आणि अनेक महाविद्यालयांत पहाटेपासून मुलं वाचत बसतात. घरी अभ्यासाला टेबल नसलेली, वस्तीतल्या गोंगाटात शिकलेली मुलं त्या दिवशी शेकडोंच्या सोबतीने बसतात. बाबासाहेबांच्या आठवणीला याहून शोभेल असं अभिवादन मला माहीत नाही.

आणि मग वसंत व्याख्यानमाला. 1875 मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी ती सुरू केली. रानडे निफाडमध्ये जन्मले, कोल्हापूर-मुंबईत शिकले आणि न्यायखात्याच्या नोकरीसाठी पुण्यात आले. ग्रंथकारांना एकत्र आणणारं 1878 चं पहिलं संमेलनही त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भरलं. 21 एप्रिल ते 20 मे, रोज संध्याकाळी, टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात एक वक्ता आणि एक विषय: पाणी, शेती, न्यायव्यवस्था, परराष्ट्र धोरण, कर्करोग, कविता. तिकीट नाही. दीडशे वर्षं हा क्रम चालू आहे. महाराष्ट्रात गावोगाव ज्या व्याख्यानमाला चालतात, त्यांच्यासमोर हाच नमुना होता. सरकारवर प्रजेने बोलायचं तर आधी प्रजेला विषय माहीत हवा, ही रानड्यांची धारणा त्यामागे होती. आज मतदार म्हणून नव्याने नोंद झालेल्या प्रत्येक मुलाला या व्याख्यानमालेची गरज आहे.

खंत एवढीच, की इथल्या खुर्च्यांवर पांढरे केस जास्त दिसतात. परीक्षा चालू असतात हे एक कारण. दुसरं कारण मोठं आहे: टिळक स्मारकापासून दोन-तीन गल्ल्यांवर, सदाशिव आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो मुलं बसलेली असतात, आणि जवळच आपल्या अभ्यासातल्याच विषयावर एखादा जाणकार बोलतो आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

अडतं कुठे?

दार बंद नाही, पण दारापर्यंत पोचण्यात अडचणी आहेत. नवी महाविद्यालयं शहराच्या कडेला, वाघोली, लवळे, तळेगाव अशा ठिकाणी गेली आहेत. कार्यक्रम मात्र मध्य वस्तीत होतात आणि रात्री परतीची बस मिळत नाही. मुलींच्या वसतिगृहांची फाटकं लवकर बंद होतात. सवाईतला शेवटचा कलावंत ऐकायचा असेल तर मुलीला नातेवाइकांकडे मुक्कामाची परवानगी काढावी लागते, आणि जिचं इथे कुणीच नाही ती मैफल अर्धी टाकून उठते. माझ्या विद्यार्थिनींनी हे वर्षानुवर्षं सोसलं आहे. मुलाला जे शहर मिळतं ते मुलीला मिळत नाही, आणि तेही सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाच्या गावात. हे बदललंच पाहिजे.

उपाय अवघड नाहीत. वसतिगृहांनी वर्षातल्या ठरावीक रात्री फाटकाची वेळ वाढवावी आणि एका शिक्षिकेच्या सोबतीने मुलींना न्यावं. महापालिकेने उत्सवांच्या दिवसांत कडेच्या महाविद्यालयांकडे रात्रीच्या बस सोडाव्यात. आयोजक संस्थांनी आपली पत्रकं अभ्यासिकांच्या आणि मेसच्या भिंतींवर लावावीत, आणि थोड्या जागा वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात. प्राध्यापकांनी जूनमध्ये अभ्यासक्रमासोबत वर्षभराचा कार्यक्रमही वर्गात वाचून दाखवावा.

गावाकडच्या आईवडिलांना सांगते: मुलगी रात्री नऊला गाणं ऐकायला गेली तर ती वाया जात नाही. पुण्यात पाठवलंत ना तिला, मग पुणं पूर्ण मिळू द्या.

आणि पुणेकरांनो, हे वर्ष आपल्याला रानडे, टिळक, सावित्रीबाई, भीमसेन या बाहेरून आलेल्या माणसांनी दिलं आहे. यंदा सवाईचं किंवा एखाद्या नाटकाचं तिकीट काढाल तेव्हा एक जास्त काढा, आणि शेजारी भाड्याने राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन जा.